निळ्या लघवीचं बक्षीस

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. नगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी लघवी तपासायचं काम करत होते. लोक औषधाच्या जुन्या बाटल्यांतून, तेलाच्या शिशांतून, एकदा तर लोणच्याच्या बरणीतून लघवी घेऊन येत. बुचं नीट बसलेली नसत. टेबलावर ओघळ येत आणि ओघळांना मुंग्या लागत. मी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. औषध निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं किंवा नारिंगी झालं तर बरीच, आणि भाजलेल्या विटेसारखं झालं तर रोग अंगात मुरलेला. ती वाफ केसांत बसायची. संध्याकाळी केडगावला घरी पोचले की आई उंबऱ्यातच हात आडवा करायची. "आधी न्हाणीत जा. मग काय बोलायचं ते बोल."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पुण्याला मावशीकडे राहून तपासणीचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. आमच्या घरात आजोबांपासून सगळे मास्तर नाहीतर कारकून. मुलगी लोकांची लघवी उकळते हे आई शेजारी कुणाला सांगत नसे. विचारलंच तर म्हणायची, "दवाखान्यात लिहायचं काम आहे." खरं सांगायचं तर मला स्वतःलाही त्या कामाची शिसारीच यायची. पण ती शिसारी हळूहळू मेली. हात साबणाने धुतले की संपत असे. पुढे जी आली ती धुऊन गेली नाही, आणि ती लघवीची नव्हती.

ते दुष्काळाचं साल होतं, बहात्तर-त्र्याहत्तर. खेड्यांतली माणसं खडी फोडायला जात होती. शहरात रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची, तिची भाकरी चामड्यासारखी व्हायची. अशा दिवसांत आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टला मुंबईच्या एका संस्थेकडून मदत मिळाली. परमुलखातून आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या गरीब लोकांना मधुमेहाचं शिक्षण द्यायचं, असा त्या मदतीचा हेतू होता. नगरात असे लोक होतेच. तेलंगणातून आलेले विणकर. कुणाचे आजोबा आलेले, कुणी स्वतःच दहा-वीस वर्षांपूर्वी आलेला. पुरुष मागावर लुगडी विणायचे, बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. दिवसभर बसून काम. त्यांच्यात साखरेचे रोगी पुष्कळ निघत. बाजारापुरतं मराठी त्यांना यायचं, बाकी सगळं तेलुगू.

ट्रस्टचे चिटणीस म्हणजे बाजारपेठेतले एक आडते. अंगाने भरलेले, मलमलचा सदरा, कानात अत्तराचा फाया. दर अमावास्येला गाडी करून शिंगणापूरला जायचे आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन शनीला किती तेल वाहिलं ते सांगायचे. मधुमेह त्यांनाही होता. त्यांची बाटली गड्याच्या हातून यायची, चांगली बुचाची, वर नाव न लिहिलेली. मी उकळली की दरवेळी वीट. वर्गाच्या उद्घाटनाला त्यांनी पेढे वाटले. मधुमेहाच्या वर्गाला पेढे! लोकांनी हात पुढे केले तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "तुम्हाला नाही रे बाबांनो, हे पाहुण्यांना." आणि स्वतः एक तोंडात टाकला. मी त्यांच्याकडे पाहिलं असावं. मला म्हणाले, "आमचं वेगळं आहे, बाई. आम्ही इंजेक्शन घेतो."

वर्ग दर गुरुवारी दुपारी भरायचा, दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये. तीस-पस्तीस माणसं सतरंजीवर बसायची. आमचे डॉक्टर टेबलाशी उभे राहून बोलायचे. पुस्तकातून उतरवून आणलेलं मराठी. "मधुमेह हा चयापचयाचा विकार असून स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या रसाच्या न्यूनतेमुळे तो उद्भवतो." ते मलाही दोनदा ऐकावं लागायचं. समोरचे लोक मान डोलवायचे आणि "सरे, सरे" म्हणायचे. सरे म्हणजे बरं. डॉक्टरांना वाटायचं, कळलं.

आहाराचा तक्ता मुंबईहून छापून आला होता. सकाळी सफरचंद अर्धं. चार बदाम. दुपारी कोंड्याचा पाव, पनीर, पालेभाजीचं सार. डॉक्टरांनी तो जसाच्या तसा वाचला. मागच्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला. "मिलो चालती का, साहेब?"

"मिलो?" डॉक्टर हसले. "मिलो तिकडे अमेरिकेत डुकरांना घालतात."

चिटणीसही हसले. ती बाई हसली नाही. तिने त्या दिवशी सकाळी तेच खाल्लेलं असणार, वर्गातल्या सगळ्यांनी खाल्लेलं असणार. आम्हीही घरी तेच खात होतो. मी मात्र खाली मान घालून नळ्या पुसत राहिले.

मला चित्रं बरी काढता येत होती, म्हणून फलक रंगवायचं काम माझ्याकडे आलं. "साखर म्हणजे विष" असं लिहायचं होतं. वाचता येणारे थोडे आणि तेही मराठी नव्हे, हे मला दिसत होतं. म्हणून मी चमचाभर साखर काढली आणि तिच्यावर विजेच्या खांबावर असते तशी कवटी आणि खाली दोन आडवी हाडं. लाल रंगात. ते चित्र भिंतीला लावल्याबरोबर हॉलमध्ये कुजबूज झाली. त्या वर्गात लोकांना नीट कळलेली ती पहिली गोष्ट, आणि ती मी शिकवलेली. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

त्या लोकांत एक विणकर होता. पन्नाशीचा, उंच, वाळकुडा, पांढरं धोतर स्वच्छ धुतलेलं. वर्गाला सगळ्यांच्या आधी यायचा. बाटली घासून चकचकीत केलेली, वर धुतलेल्या फडक्याची पुरचुंडी, आणि ती माझ्या हातात देताना तो नजर दुसरीकडे वळवायचा. मला "अम्मा" म्हणायचा, मी त्याच्या मुलीच्या वयाची असून. त्याच्या बायकोने विड्या वळताना ऐकून ऐकून त्याच्यापेक्षा जास्त मराठी उचललं होतं. तीही यायची आणि त्याच्या मागे बसायची.

पहिल्या दिवशी त्याची नळी विटेसारखी लाल झाली. तो वाकून बघत होता. काय झालं ते त्याला न सांगताच कळलं. शेजारच्या नळीत निळं होतं. त्याने निळ्याकडे बोट केलं, मग आपल्या छातीकडे. हे मला पाहिजे. मी मान हलवली. होईल, म्हटलं. डॉक्टरांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक.

बक्षिसाची कल्पना चिटणीसांची. मुंबईच्या संस्थेला काहीतरी फळ दाखवायला हवं होतं. "ज्याची लघवी लागोपाठ निळी राहील त्याला घोंगडी देऊ. पाहुण्यांच्या हस्ते. फोटो काढू." दर गुरुवारी मी सगळ्यांसमोर नळ्या उकळायच्या आणि ज्याची निळी राहिली त्याचं नाव डॉक्टरांनी पुकारायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. माणसांची लघवी उंच धरून टाळ्या. आता लिहितानाही अंगावर काटा येतो. तेव्हा मी ती नळी खिडकीच्या उजेडात धरायचे, सगळ्यांना दिसावी म्हणून.

त्या विणकराचा रंग उतरत गेला. लाल, मग नारिंगी, मग हिरवा. एका गुरुवारी निळा. टाळ्या पडल्या. तो उभा राहिला, हात जोडले आणि बायकोकडे वळून असा हसला की मला फार बरं वाटलं. पुढच्या गुरुवारी निळा. त्याच्या पुढच्याही.

पण माणूस वाळत चालला होता. धोतराचा काचा सुटायचा, तो पुन्हा पुन्हा खोचायचा. बाटली देताना हात थरथरत होते. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, हे फार खंगलेत."

"मधुमेहात माणूस वाळतोच," डॉक्टर म्हणाले. "लघवी निळी येते ना? मग झालं तर."

डॉक्टरांपुढे सहा महिन्यांच्या कोर्सवाली काय बोलणार, असं मनाला सांगितलं.

बक्षिसाचा दिवस आला. मुंबईच्या संस्थेच्या बाई यायच्या होत्या. हॉल झाडला, सतरंज्या झटकल्या, टेबलावर पांढरी चादर. फोटोवाला सकाळपासून येऊन बसला. पाहुण्या आल्या, त्यांना हार घातला. डॉक्टरांचं भाषण सुरू व्हायच्या बेतात होतं आणि पहिल्या रांगेतली त्या विणकराची जागा रिकामी होती. तेवढ्यात त्याची बायको मागच्या दाराने धावत आली. पदर सुटलेला, पाय अनवाणी.

"बाई, मानूस पडलं. मागावर बसलं हुतं. घाम लई. बोलत न्हाई, उठत न्हाई."

मी डॉक्टरांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी पाहुण्यांकडे बघत, हसणं न सोडता उत्तर दिलं, "चक्कर आली असेल उन्हाची. तोंडावर पाणी मारा म्हणावं. पाहुण्या गेल्या की बघतो."

मी तिला तोंडावर पाणी मारायला सांगितलं. ती गेली. मीही दाराकडे निघाले तर चिटणीसांनी अडवलं. "तुम्ही कुठं निघालात? नळ्या कोण धरणार?"

आणि मी परत फिरले. नळ्या धरल्या. दुसऱ्या कुणाची तरी निळी निघाली, त्याला टाळ्या मिळाल्या. पाहुण्या बाईंनी विचारलं, "हाऊ डू दे फॉलो द लेक्चर्स?" चिटणीस म्हणाले, "व्हेरी नाइसली." मग चहा झाला. बशीत पुन्हा पेढे. त्या चहाला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण पाहुण्या बाईंनी दोनदा घेतला हे मला अजून आठवतं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं. चिटणीसांची किळस मला आजही येते, डॉक्टरांचीही येते. पण त्या टेबलाशी नळी हातात घेऊन उभी राहिलेल्या पोरीची जेवढी येते तेवढी कुणाचीच येत नाही.

पाहुण्यांची मोटार वळणावरून गेली तशी मी पळत सुटले. विणकरांची वस्ती दवाखान्याच्या मागच्याच गल्ल्यांत. घर म्हणजे एक खोली, तिच्यातली अर्धी जागा मागाने खाल्लेली. मागाच्या खड्ड्याशेजारी त्याला आडवा टाकला होता. अंग घामाने असं भिजलेलं की वाटावं विहिरीतून काढलाय. दात घट्ट आवळलेले. शेजारच्या बायका चमच्याने त्याच्या ओठांत कारल्याचा रस घालत होत्या. तो हिरवा रस गालावरून मानेवर, मानेवरून जमिनीवर. कारलं साखरेवर औषध, हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. आमच्या वर्गात त्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

मला कोर्समध्ये शिकवलं होतं. गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला की रक्तातली साखर पार खाली जाते. घाम, कापरं, मग शुद्ध हरपते. तेव्हा एकच औषध, साखर.

"साखर आणा," मी ओरडले. "घरात साखर आहे का?"

फळीवर पत्र्याचा डबा होता. मी हात वर केला तशी त्याची बायको मध्ये आली. मला दोन्ही हातांनी ढकललं. "न्हाई! न्हाई द्यायचं! तुमीच सांगितलं." आणि तिने आपली दोन्ही मनगटं हनुवटीखाली एकावर एक आडवी धरली, त्या चित्रातल्या हाडांसारखी. डोळे वटारून, तोंड वासून ती मला माझंच चित्र करून दाखवत होती.

मी तिला बाजूला सारलं. साखर पाण्यात कालवून बोटाने त्याच्या गालाच्या आत चोळली, पुन्हा चोळली. ती मागून माझे केस ओढत होती, रडत होती. मला शिसारी आली, त्या हिरव्या रसाची, घामाच्या वासाची, माझ्या स्वतःच्या हातांची. मग कुणीतरी टांगा आणला आणि आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेला. तिथे शिरेतून ग्लुकोज दिलं. तिथल्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं. संध्याकाळी त्याने डोळे उघडले.

पण जो गेला होता तो परत आला नाही. डोळे उघडे, माणूस दुसराच. बायकोला ओळखायचा, कधी ओळखायचा नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही. मग त्यांनी मला सहज विचारलं, "घरात चिमूटभर साखरसुद्धा नव्हती का?"



दोन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. मी जात असे. तो मागावर जाऊन बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा, धोटा हातात घ्यायचा आणि तसाच बसून राहायचा. तो फेकायचा कसा हे हात विसरले होते. मध्येच हसायचा. बसल्या जागी धोतर ओलं करायचा. बायको ते धोतर धुऊन वाळत घालायची, तो पुन्हा ओलं करायचा. तिनेच मला सांगितलं काय झालं होतं ते. निळं व्हावं म्हणून तो बुधवार दुपारपासून जेवत नसे. गोळ्या मात्र घ्यायचा, एकाच्या जागी दोन. दोन घेतल्या की जास्त निळं, असा त्याचा हिशेब. शेवटच्या वेळी तर दोन दिवस पोटात काही नव्हतं. फोटो काढणार होते ना.

एका सकाळी चिटणीस फोटोवाल्याला घेऊन दवाखान्यात आले. "त्या विणकराची घोंगडी राहिली आहे. घरी जाऊन देऊ. अहवालात फोटो पाहिजे." मग मला, "एक निळी नळी घ्या बरोबर."

"त्यांची तपासणी कुठं केलीय?" मी म्हटलं.

"नुसतं औषध भरा की नळीत. फोटोत कुणाला कळतंय?"

मी भरलं. हेही मी केलं.

त्याला दारात उजेडाला बसवला. खांद्यावर नवी काळी घोंगडी टाकली. चिटणीस शेजारी वाकून उभे राहिले, हात त्याच्या पाठीवर. नळी त्याच्या हातात दिली. फोटोवाला म्हणाला, "वर बघा, वर." विणकराने नळीकडे पाहिलं. निळी. त्याच्या चेहऱ्यावर कुठूनतरी ते जुनं हसू आलं. आणि त्याने ती नळी तोंडाला लावली.

बायकोने झडप घातली. नळी फुटली, ते मोरचुदासारखं निळं पाणी घोंगडीवर सांडलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"अरेरे," चिटणीस म्हणाले, "नवी कोरी घोंगडी."

तेव्हा माझ्या तोंडाला वाचा फुटली. इतक्या दिवसांची. "साखर कधी द्यायची हे आपण यांना एकदाही शिकवलं नाही. आपण नुसतं विष विष म्हणत राहिलो. हे आपण केलंय."

चिटणीसांनी आधी फोटोवाल्याकडे पाहिलं, त्याने कॅमेरा बंद केला आहे ना म्हणून. मग शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. यांना भाषा कळत नाही त्याला आपण काय करणार?"

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांनी वही काढून मला वाचूनच दाखवलं. तिसऱ्या गुरुवारचं व्याख्यान. "रक्तशर्करा अत्यंत न्यून झाल्यास शर्करायुक्त पेय देणे इष्ट." होतं खरं. त्यांनी ते वाक्य म्हटलं होतं, लोकांनी "सरे, सरे" म्हटलं होतं आणि भिंतीवर माझी कवटी होती.

त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये एकटी गेले, तो फलक काढला आणि फाडला.

दुसऱ्या दिवशी मी विणकराच्या घरी गेले. त्याची बायको दाराशी बसून विड्या वळत होती. मी म्हटलं, "येत्या गुरुवारी तुम्ही वर्गात सांगाल? काय झालं ते. तुमच्या भाषेत." तिने मान वर केली नाही. बोटं चालूच. मला वाटलं, हाकलून देणार. चार विड्या वळून झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिशी डब्याला माजा हात गेलता, अम्मा. तुमच्या आदी. मनात आलं, थोडी देते. मग चित्र दिसलं. हात खाली घेतला." पानाला दोरा गुंडाळून तिने विडी सुपात टाकली. "येते मी."

गुरुवारी डॉक्टर नेहमीसारखे बोलायला उभे राहिले. मी म्हटलं, आधी या बाईंना बोलू द्या. त्यांना वाटलं, आभार मानणार असेल. ते बसले. चिटणीसही बसले.

ती उभी राहिली आणि बोलायला लागली. मला त्यातलं फार थोडं कळलं. मधल्या दिवसांत तिच्याकडून काही शब्द शिकले होते. चेमट म्हणजे घाम. वणुकु म्हणजे कापरं. आकलि म्हणजे भूक. हे शब्द यायचे आणि हॉलमधली माणसं पुढे सरकायची. तिने थरथरणारे हात करून दाखवले. दात आवळून दाखवले. मग पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला, सगळ्यांना दाखवला आणि गालात ठेवला. इतके महिने "सरे" सोडून तोंड न उघडलेली माणसं एकदम बोलायला लागली. एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, एक म्हातारी रडायलाच लागली. तिचा नवरा तसाच गेला होता म्हणे, पोटभर कारलं पाजून.

डॉक्टर घड्याळ बघत होते. चिटणीस ताडकन उठले. "हे काय चाललंय? मराठीत बोला, आम्हाला कळू द्या."

ती त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मराठीत तुमी लई बोलले," ती म्हणाली, आणि पुन्हा लोकांकडे वळली.

पुढच्या गुरुवारी हॉलला कुलूप होतं. मदतीची मुदत संपली असं कळलं. अहवाल मुंबईला गेला. त्यात तो फोटो होता, नळी फुटायच्या आधीचा. खाली लिहिलं होतं, आदर्श विद्यार्थी. मुंबईहून कौतुकाचं पत्र आलं आणि ते चौकट करून डॉक्टरांच्या खोलीत लावलं गेलं. मी ते पत्र रोज बघत दीड महिना काढला. एका सकाळी ते बघता बघता मी राजीनामा लिहिला. चिटणीस म्हणाले, "पोरगी हुशार होती, पण डोक्याने जरा तिरसट."

मी त्यानंतरही काही महिने रविवारी बायका विड्या वळायला बसत त्या ओट्यावर जात राहिले. बोलायची विणकराची बायकोच. मी तपासायचं साहित्य घेऊन बसायचे आणि गप्प राहायचे. त्याचं मला आता मोठेपण वाटत नाही, तेव्हाही वाटत नव्हतं. जिथे कुणीतरी आधीच जायला हवं होतं तिथे मी सगळं होऊन गेल्यावर गेले होते. विणकर पुढच्या थंडीत गेला. छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत आटोपलं. ती माग विकून सोलापूरला भावाकडे गेली.

पुढे माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. तिथल्या एका तपासणी केंद्रात काम करत असताना सोलापूरची, विणकरांच्या घरातली एक बाई आली. मी तिच्याशी दोन-तीन तेलुगू शब्द बोलले तर तिला नवल वाटलं. कुठं शिकलात, म्हणाली. मी वर्णन केलं, अशी अशी बाई. ती ओळखत होती.

"व्हय, आमच्याच विड्यांच्या कारखान्यात हाय. कुनाला घाम फुटला की सूप टाकून गूळ घेऊन पळती. पोरी हसतात तिला."

"बरी आहे का ती?"

"पायाला जखम झालीय. लई दिवस झाले, भरत न्हाई."

"तिला म्हणावं लघवी तपासून घे," मी म्हटलं. "तिला कुणीतरी सांगायला पाहिजे."

बाईने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. "तिला कोन सांगनार? तीच समद्यांना सांगती."